फाटकापासून यंत्रदालनापर्यंत : माजी सैनिक आणि डेटा सेंटर

माजी सैनिक म्हटला की शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो बँकेच्या किंवा कारखान्याच्या फाटकावरील पहारेकरी. जवान साधारणतः पस्तिशी ते पंचेचाळिशीच्या दरम्यान निवृत्त होतो. मुलांची शिक्षणे अर्धवट असतात आणि केवळ निवृत्तिवेतनावर शहरात भागत नाही. देशात दरवर्षी सुमारे ६० हजार सैनिक सेवामुक्त होतात. त्यांतील अनेकांनी जनित्रे, दळणवळण यंत्रणा किंवा युद्धनौकेवरील वीजपुरवठा वर्षानुवर्षे सांभाळलेला असतो. वाट्याला येते ती मात्र फाटकावरची खुर्ची. ऐरोली, रबाळे, महापे ते पनवेल या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरमध्ये त्यांच्या मूळ कसबाला वाव आहे.

डेटा सेंटर म्हणजे संगणकांचे गोदाम, ही समजूत अपुरी आहे. या इमारतीचा मोठा भाग विजेच्या आणि थंडाव्याच्या यंत्रणेने व्यापलेला असतो. बाहेरची वीज गेली की पहिली काही मिनिटे बॅटऱ्या भार पेलतात आणि तेवढ्यात डिझेल जनित्रे सुरू व्हावी लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा कोसळला आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी जनित्र सुरू झालेच नाही, तर पुढे काय करायचे हे पाठ असलेला माणूस जागेवर असावा लागतो. ‘टियर ३’ श्रेणीच्या केंद्रात कोणतेही एक यंत्र दुरुस्तीसाठी बाजूला काढले तरी सेवा खंडित होणार नाही, अशी रचना असते. परंतु ते यंत्र बाजूला काढताना चुकीची कळ दाबली गेली, तर रचना कितीही उत्तम असून उपयोग नाही. म्हणूनच येथे लहानसे कामही आधी लिहून काढलेल्या क्रमाने केले जाते. एकजण पायरी वाचतो, दुसरा ती पार पाडतो. पाळी बदलताना नोंदवहीसह कामाचा ताबा दिला जातो. नौदलात पहाऱ्याची अदलाबदल पाहिलेल्या माणसाला यातले काहीच नवे वाटणार नाही.

नौदलाच्या लोणावळ्यातील ‘आयएनएस शिवाजी’त सागरी अभियांत्रिकीचे, तर जामनगरच्या ‘आयएनएस वलसुरा’त विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. लष्कराच्या ‘सिग्नल्स’ व ‘ईएमई’ शाखा आणि हवाई दलाचे तंत्रज्ञ हेही या कामाला जवळचे. पायदळातील जवानाची वाट मात्र लांबची आहे. ‘शिस्त आहे, तेवढी पुरे’ असे त्याला सांगणे ही फसवणूकच ठरेल. त्याला वीज किंवा वातानुकूलन यांपैकी एखादे तंत्र नव्याने शिकावे लागते. शिवाय मोठ्या केंद्रातही यंत्रणा चालविणारी कायम माणसे थोडीच असतात.

खरी अडचण कागदाची आहे. दहावी उत्तीर्ण आणि पंधरा वर्षे सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील पदांसाठी पदवीधराच्या समकक्ष मानले जाते. खासगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागावर ते बंधन नाही. तेथे आयटीआय किंवा पदविकेचे प्रमाणपत्र मागितले जाते. विद्युत कामासाठी राज्याचा तारतंत्री किंवा पर्यवेक्षक परवानाही लागू शकतो. त्यात अर्जात ‘हवालदार, अमुक रेजिमेंट’ एवढेच लिहिलेले असले, तर वाचणाऱ्याला काय कळणार? किती केव्हीएची जनित्रे हाताळली, किती माणसांची पाळी सांभाळली, कोणता बिघाड दूर केला, हे मुलकी भाषेत लिहिलेले असले पाहिजे. आणखी एक गोष्ट नाजूक आहे. सुभेदारपदावरून आलेल्या माणसाला पंचविशीतल्या अभियंत्याच्या हाताखाली काम करावे लागते. हे ज्याला जमत नाही, तो फार काळ टिकत नाही.

अमेरिकेत ही वाट अधिक रुळलेली आहे. तेथील संरक्षण खात्याच्या ‘स्किलब्रिज’ कार्यक्रमात सैनिकाला सेवेच्या अखेरीस, कमाल १८० दिवस, लष्कराचे वेतन घेत खासगी उद्योगात प्रत्यक्ष काम शिकता येते. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाचे पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीपूर्व अभ्यासक्रम चालविते. पण त्यांतील बरेच शिक्षण वर्गातले. यंत्रदालनात काही महिने उमेदवारी करण्याची सोय झाली, तर कंपनीलाही माणूस पारखून घेता येईल.

या प्रश्नाला आता वेगळी निकडही आली आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेनंतर कमाल २५ टक्के अग्निवीरांनाच कायम केले जाण्याची तरतूद आहे. उरलेले तरुण पंचविशीच्या आसपास, निवृत्तिवेतनाविना, नोकरीच्या बाजारात येतील. त्यांच्याकडे अनुभव कमी असेल, पण शिकण्याचे वय हाताशी असेल. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानाने सेवेत असतानाच आपल्या तांत्रिक शाखेची मुलकी समकक्षता आणि परवान्याच्या अटी तपासून घेणे श्रेयस्कर. त्यासाठीची पहिली चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करता येते.