विहिरीतून लेनमध्ये

साल १९६७. तुम्ही एकोणीस वर्षांचे आहात. हातात पत्र्याची ट्रंक घेऊन अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर उभे आहात. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी १९१४ साली उभारलेली ही संस्था. इथल्या पथकानं १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. यंदा मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू होतंय.

"पोहता येते काय रे?"

"येते ना सर. गावच्या विहिरीत शिकलो."

पाच वर्षं सरतात. १९६१ साली सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून जलतरणाचं प्रशिक्षण घेऊन तुम्ही बडनेऱ्याला उतरता. गळ्यात शिट्टी, खिशात स्टॉपवॉच. पण हे १९७२ आहे, दुष्काळाचं वर्ष. जिथं प्यायला पाणी नाही तिथं पोहायला कुठून येणार? तुम्ही पोरांना बाकावर पालथं झोपवता आणि कोरड्यातच पाय मारायला शिकवता. येणारे-जाणारे हसतात. तुम्ही मोजत राहता.

पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागते. पद शारीरिक शिक्षण संचालकाचं. कबड्डी, खो-खो, क्रॉसकंट्री सगळं तुमच्याच गळ्यात. जलतरण प्रशिक्षक असं पद वऱ्हाडातल्या बहुतेक कॉलेजांत नव्हतंच. तलावावरची सकाळ तुम्ही आपल्या झोपेतून काढता.

१ मे १९८३ ला अमरावती विद्यापीठ स्थापन होतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी आता नागपूरकडे बघायला नको. संघ हवाय, म्हणून तुम्ही खेड्यांतून आलेल्या पोरांना तलावावर बोलावता. त्यातला एक उंच पोट्टा काठावरून सरळ मुटका मारतो. पाणी तुमच्या बुटांपर्यंत येतं.

"सर, मले सगळं येते."

येतं खरं. पण डोकं पूर्ण वर आणि त्यामुळे पाय खाली. शिवाय तो डावीकडे सरकत सरकत शेजारच्या लेनमध्ये शिरतो. तुम्हाला क्षणात कळतं, कारण तुम्हीही असेच शिकला होता. विहीर गोल असते. तिथं कुणी सरळ पोहत नाही, गोल फिरतो आणि दगडी पायरी धरतो. चेहरा पाण्यात घालायची तर भीतीच, कारण खाली अंधार.

तुम्ही कपड्यांसकट पाण्यात उतरता. त्याच्या कपाळावर तळहात ठेवता. "श्वास पाण्यात सोड. बुडबुडे दिसू दे मले." पहिल्या दिवशी नाकात पाणी, ठसका, शिव्या. चौथ्या दिवशी बुडबुडे. दोन आठवड्यांनी तळाची काळी रेघ डोळ्यांखाली धरून तो पंचवीस मीटर सरळ येतो, आणि भिंतीला हात लावून असा बघतो की तुमचं स्टॉपवॉच दाबायचं राहून जातं.

पदकांची वर्षं झरझर जातात. त्यांत रेंगाळायला नको. मुलींच्या बॅचसाठी मात्र थांबा. घरोघरी जाऊन तुम्ही वडिलांशी बोललात, वेगळी वेळ मागून घेतली, आयांना काठावर बसवलंत. माझ्या मते तुमच्या साऱ्या नोकरीत याहून मोठं काम नाही.

२००८. तुम्ही साठ वर्षांचे. सत्कार, शाल, श्रीफळ. दुसऱ्या दिवशी सवयीनं पहाटे पाचलाच जाग येते.

आता आजच्या उन्हाळ्यात परत या. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाकडे निघालाय. विहिरी, शेततळी आणि धरणांच्या काठी पोरं जमतील. ज्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांतल्या काहींची बातमी पेपरात येईल. पोरांना हाकलून उपयोग नाही, ती पाण्याकडे जाणारच. या मे महिन्यात मुलाला घेऊन तलावावर जा, आणि मुलीलाही. प्रशिक्षकाला सांगा, वेगाचं नंतर बघू, आधी पाण्यात श्वास सोडायला शिकवा.