मगरीचं तोंड आणि हॅरियटसाहेबांचं चिन्ह

गेल्या विकांताला ताईकडे गेलो होतो. भाचा दुसरीत आहे. चहा यायच्या आधीच ताईनं त्याची गणिताची वही माझ्यापुढे टाकली. 'दोन संख्यांमधील लहान-मोठेपणा ठरवा, <, > किंवा = लिहा' असा प्रश्न. दहा उदाहरणं, त्यातली आठ चूक. खाली लाल शाईत शेरा: 'संख्याज्ञान कच्चे आहे. सराव करून घ्यावा.' ताईचा चेहरा उतरलेला, आणि भाचा पडद्याआड.

मी पडलो प्रोग्रामर. दुसऱ्यांच्या आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच चुका शोधणं हा पोटापाण्याचा धंदा. वही नीट पाहिली तर गंमतच! बरोबर आलेली दोन्ही उदाहरणं '=' ची होती. उरलेल्या आठही ठिकाणी चिन्ह नेमकं उलटं. आता बघा, ज्याला संख्याच कळत नाहीत तो अंदाजपंचे काहीतरी ठोकून देईल आणि आठातली तीन-चार तरी नशिबानं बरोबर येतील. आठच्या आठ उलटी यायची तर दर वेळी मोठी संख्या कुठली हे पक्कं ठाऊक असावं लागतं. ९८ आणि १०३ मध्येही तो गोंधळला नव्हता. (विंडोज एक्सपीच्या आधीचा आमचा संगणक तिथं हमखास गोंधळायचा. नावांप्रमाणे फाइली लावा म्हटलं की १, १०, ११ आणि मग २!)

म्हणजे संख्या ठीक, चिन्ह तेवढं उलटं बसलेलं. मग हे चिन्ह आलं तरी कुठून, हे वाचत बसलो आणि रविवार त्यातच गेला.

कित्येक शतकं गणितींचं या चिन्हावाचून काही अडलं नव्हतं. 'ही त्याहून मोठी' असं सरळ शब्दांत लिहायचं. युक्लिडची सगळी भूमिती अशीच उभी आहे. '=' हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श डॉक्टरनं छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या कुठल्या वस्तू असणार, असं त्याचं म्हणणं. '<' आणि '>' मात्र त्यानंतर चांगली चौऱ्याहत्तर वर्षं कुठल्या पुस्तकात दिसत नाहीत.

ती दिसतात १६३१ साली, लंडनला छापलेल्या थॉमस हॅरियटच्या बीजगणितात. हा हॅरियट म्हणजे अफाट माणूस. १५८५ साली वॉल्टर रॅलेनं धाडलेल्या मोहिमेबरोबर अमेरिकेला गेला, तिथल्या लोकांची भाषा शिकला. १६०९ च्या जुलैत दुर्बिणीतून पाहून त्यानं चंद्राचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी! पण छापायचा कंटाळा. गणितातलं काहीही त्यानं हयातीत छापलं नाही. १६२१ साली तो गेला, आणि हे पुस्तक त्यानंतर दहा वर्षांनी इतरांनी त्याच्या कागदांवरून काढलं. मजा म्हणजे त्याच्या स्वतःच्या कागदांतली चिन्हं हुबेहूब अशी नव्हती. आजचं रूप दिलं ते छापताना संपादकांनी.

मला स्वतःला या आकारात रेकॉर्डच्याच दोन रेघा दिसतात. एका बाजूला चिमटलेल्या, दुसऱ्या बाजूला फाकलेल्या. जिकडे अंतर जास्त तिकडे जास्त. मगर नाही, चिमणीची चोच नाही, काही नाही.

बरं, मोठ्या माणसांना तरी हे चटकन पटलं का? त्याच १६३१ साली विल्यम ऑट्रेड या पाद्र्यानं आपलं बीजगणित छापलं आणि त्यात लहान-मोठ्यासाठी वेगळीच चिन्हं दिली, एक बाजू काढून टाकलेल्या चौकटीसारखी. त्यातलं मोठं कुठलं आणि लहान कुठलं, हे आकारावरून सांगणं अवघडच. तरी ऑट्रेडचा दबदबा असा की भलेभले कितीतरी वर्षं तीच वापरत राहिले. हॅरियटची चिन्हं अठराव्या शतकात कुठे स्थिरावली. 'लहान किंवा समान' हे रेघा जोडून लिहिलं ते पिएर बुगेर या फ्रेंच माणसानं, १७३४ साली. थोडक्यात, युरोपातल्या पंडितांना जुळवून घ्यायला शंभर वर्षं लागली. आमच्या भाच्याला एक आठवडा मिळाला होता.

संगणकाला तर सुरुवातीला हे चिन्ह मिळालंच नाही. १९५७ च्या पहिल्या फोरट्रानमध्ये दोन संख्यांची तुलना करायची तर एकातून दुसरी वजा करायची. उत्तर ऋण आलं तर या ओळीवर जा, शून्य आलं तर त्या, धन आलं तर तिसऱ्या. त्या काळच्या पंच कार्डांवर '<' नव्हतंच. पुढे तुलना आली तीसुद्धा अक्षरांत, टिंबं देऊन, 'जी टी' आणि 'एल टी' अशी. तरी काम चोख व्हायचं. त्या यंत्राला संख्याज्ञान कच्चं असल्याचा शेरा कुणी दिला नाही.

असो. संध्याकाळी भाच्याला जवळ बसवलं. "४७ आणि ७४, जास्त रन कुणाचे?" "७४. सोप्पंय मामा." "मग मगरीचं तोंड ४७ कडे का?" त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मोठा मासा लहान माशाला खातो ना!"

आता यावर काय बोलणार? शाळेत सांगितलं होतं की मगरीला भूक फार, ती मोठ्याला खाते. त्यानं डिस्कव्हरीवर पाहिलेलं जग वेगळं होतं.

पण खरी अडचण नंतर सापडली, आणि ती वहीत नव्हती. मी नुसतं तोंडी विचारलं, "एकोणसाठ मोठे की बासष्ट?" "एकोणसाठ." लिही म्हटलं तर लिहिलं ६९. साठ ऐकू आले, नऊ ठाऊक होते, बसवले. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही कुणी सांगितल्याचं आठवत नाही. बासष्टमध्ये दोन आधी बोलायचे आणि नंतर लिहायचे, तो घोळ वेगळाच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, थेट विधानसभेपर्यंत! जुनी नावंही सोबत आहेतच, हे मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या, पण विनोद करायची सगळ्यांना घाई होती. मीही त्यातले दोन-तीन पुढे ढकलले होते. आता जरा ओशाळल्यासारखं वाटतं. 'साठ दोन' माझ्याही कानाला गोड लागत नाही, पण त्यामागची अडचण खोटी नव्हती.

वहीतली आठ चिन्हं भाच्यानं दोन मिनिटांत उलटी केली. मग आम्ही एकोणवीसपासून सुरुवात केली. निघताना एकोणपन्नासपर्यंत आलो होतो. पुढचं फोनवर.