आत्मघात, धर्म आणि जातिव्यवस्था

सोलापूरच्या माणसाला होम मैदान ठाऊक नाही असे होत नाही. गड्ड्याची यात्रा तेथेच भरते. पाळणे, खेळण्यांची दुकाने, खाऊची दुकाने, सारे लहानपणापासून आपण पाहत आलो. परंतु या मैदानाला होम मैदान का म्हणतात, याचा विचार फार थोडे जण करतात. आख्यायिका अशी : बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली. सिद्धराम योगी असल्याने त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला अनुमती दिली. विवाह झाला आणि त्यानंतर त्या कन्येने अग्निप्रवेश केला. दरवर्षी संक्रांतीच्या दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीने हा विवाह साजरा होतो, हजारो हातांनी अक्षता पडतात आणि पुढे होम मैदानावर प्रतीकात्मक कन्येला सौभाग्यलेणे चढवून अग्नी दिला जातो.

यात्रेला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत आणि आमच्या वस्तीतली माणसेही त्या गर्दीत असतात. शिवाय सिद्धरामेश्वर हे कल्याणच्या शरणांपैकी एक. ज्या चळवळीत ढोर-चांभार मानल्या गेलेल्या हरळय्याच्या मुलाचे आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न लागले आणि त्यासाठी दोन्ही बापांना देहदंड झाला असे परंपरा सांगते, त्या चळवळीचा हा माणूस. परंतु एक प्रश्न मला वर्षानुवर्षे सोडत नाही. या कथेत योगी जिवंत राहतो आणि कन्या जळते. लोक आजही तिला कुंभारकन्या म्हणूनच ओळखतात. तिच्या मरणाला आपण मंगल का मानतो? आणि आज एखादी मुलगी किंवा मुलगा असाच जीव देतो, तेव्हा त्याच मरणाला आपण दुबळेपणा का म्हणतो?

१

मरण एकच, पण त्याला नावे अनेक. धर्मशास्त्राने आत्मघात पाप मानला. जीव देणाऱ्याला उदक देऊ नये असे मनुस्मृती सांगते. त्याच मनुस्मृतीत वानप्रस्थाने देह पडेपर्यंत चालत राहावे असेही आहे. पुढे महाप्रस्थान, प्रायोपवेशन, जलसमाधी, सहगमन असे शब्द रूढ झाले. आत्महत्या हा शब्द ज्याला लागला तो पापी, आणि यांपैकी एखादा शब्द ज्याला लागला तो पूज्य. हा शब्द कोणाला लावायचा, हे मरणारा ठरवीत नाही. ते मागे राहिलेले ठरवितात.

युरोपातही हा प्रश्न नीतिशास्त्राचाच मानला गेला. संत थॉमस अक्वायनस यांनी आत्महत्येला तीन कारणांनी दोष दिला : ती निसर्गाविरुद्ध आहे, समाजाविरुद्ध आहे आणि जीवन देणाऱ्या ईश्वराविरुद्ध आहे. डेव्हिड ह्यूम यांनी हे तिन्ही मुद्दे खोडून काढणारा निबंध लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १७७७ साली छापला गेला. कांट यांनी म्हटले की, माणूस हे साधन नसून साध्य आहे, म्हणून दुःखातून सुटण्याचे साधन म्हणून स्वतःचा उपयोग करणे अनैतिक होय. हे सारे तत्त्वज्ञ एकट्या माणसाला न्यायासनापुढे उभे करतात. मनुष्य समाजाचा घटक आहे म्हणून त्याने जीव देणे हा समाजावर अन्याय, असे अक्वायनस म्हणतात. पण ज्याला समाजाने आपला घटक कधी मानलेच नाही, विहिरीवर नाही, देवळात नाही, वर्गातही नाही, त्याचे काय? त्याच्या बाबतीत आधी कोणी कोणावर अन्याय केला?

२

हा रोख बदलला तो एमिल दुर्खीम यांनी. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्यांनी दाखविले की, प्रत्येक समाजात आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळजवळ स्थिर असते. जे इतके स्थिर असते ते केवळ व्यक्तीच्या मनातून आलेले असू शकत नाही. त्याचे कारण समाजाच्या रचनेत शोधले पाहिजे. समाजाशी नाते तुटलेल्याची आत्महत्या ही आत्मकेंद्री, नियम कोसळलेल्या काळातली ती प्रमाणकशून्य, आणि समाजात व्यक्ती पूर्ण बुडून गेली की घडते ती परार्थी, असे प्रकार त्यांनी सांगितले. पतीच्या चितेवर जाणारी हिंदू विधवा त्यांनी या तिसऱ्या प्रकारात घातली.

चौथा प्रकारही त्यांनी सांगितला. ज्यांचे भवितव्य निर्दयपणे बंद केले गेले आहे, ज्यांच्या इच्छा जुलमी शिस्तीखाली चिरडल्या गेल्या आहेत, त्यांची आत्महत्या. उदाहरण म्हणून गुलामांचा उल्लेख केला. पण या प्रकाराला त्यांनी जागा दिली ती एका तळटीपेत. आजच्या काळात त्याला फारसे महत्त्व नाही असे त्यांना वाटले. मी हा ग्रंथ प्रथम वाचला तेव्हा या तळटीपेपाशी थांबलो. समाजशास्त्राच्या या थोर ग्रंथात आपली माणसे सापडतात ती पानाच्या तळाशी!

३

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. बाबासाहेबांच्या या निबंधात दुर्खीमचा उल्लेख नाही. तरी दोघांचे विवेचन शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे बाबासाहेबांची झेप कळते.

जात म्हणजे स्वतःला कोंडून घेतलेला वर्ग, आणि कोंडण्याचे साधन म्हणजे जातीतल्या जातीत विवाह, असे बाबासाहेब मांडतात. जातीत लग्नायोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली तरच हे कुंपण टिकते. नवरा मेला की स्त्री 'जास्तीची' ठरते. ती जातीबाहेर लग्न करील, नाहीतर जातीतला दुसऱ्या मुलीचा वर घेईल. दोन्हींत कुंपण धोक्यात. मग उपाय दोन. एक, तिला नवऱ्याबरोबर जाळणे. दुसरा, तिला जन्मभर विधवा ठेवणे. बायको मेलेला पुरुषही 'जास्तीचा'च, पण तो पुरुष असल्याने त्याला जाळता येत नाही. त्याच्यासाठी कोवळ्या वयाची मुलगी शोधली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही रूढी अशा रीतीने एकाच यंत्राचे भाग ठरतात.

आणि पातिव्रत्याचा, सतीच्या तेजाचा एवढा गौरव? बाबासाहेबांचे उत्तर असे की, रूढी आधी आली आणि गौरव मागून आला. जे करणे कठोर होते ते करवून घेण्यासाठी त्यावर तत्त्वज्ञानाचे साखरपाक चढवावे लागले. इतिहासही हेच दाखवितो. मनुस्मृतीत सहगमनाची आज्ञा नाही. तिचे माहात्म्य नंतरच्या स्मृतींनी आणि टीकाकारांनी वाढविले. १७७२ साली थेऊरला माधवराव पेशव्यांच्या मागे रमाबाई सती गेल्या, तोवर हे माहात्म्य राजघराण्यांच्या आणि उच्चवर्णीयांच्या प्रतिष्ठेचे चिन्ह बनून गेले होते. बंगालमध्ये १८२९ साली आणि मुंबई इलाख्यात १८३० साली सतीबंदी आली.

दुर्खीम ज्याला परार्थी म्हणतात त्यातला 'पर' कोण, हे बाबासाहेबांनी सांगितले. तो पर म्हणजे मेलेला नवरा नव्हे, जात होय.

४

याचा पडताळा आमच्याच घरांत आहे. कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. माझ्या आजीचा पहिला नवरा ती विशीच्या आत असताना गेला. दोन वर्षांनी तिचा पाट लागला. पाट रात्री, आडोशाला लागे. सवाष्णीचे सगळे मान पाटाच्या बाईला मिळत नसत. ही अप्रतिष्ठा आजी कधी विसरली नाही. पण ती जगली. विड्या वळून तिने पाच लेकरे वाढविली, आणि त्या लेकरांपैकी एकाचा मुलगा आज कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. आमच्या बायकांना चितेचा 'सन्मान' मिळाला नाही, म्हणून आम्ही आहोत. ज्या जाती वर चढू पाहत होत्या त्यांनी आधी पाट बंद केला, हेही विसरता येत नाही. वरच्यांचे अनुकरण करीत जात खाली पसरते, हे १९१६ च्या त्याच निबंधाचे दुसरे प्रतिपादन आहे.

५

आता आजच्या मरणांकडे वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. मरणाऱ्यांत चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा. कारणांच्या रकान्यात सर्वांत वर 'कौटुंबिक अडचणी' आणि 'आजारपण'. शिक्षण, उत्पन्न, व्यवसाय, वैवाहिक स्थिती यांचे तक्ते त्यात आहेत. जातीचा तक्ता नाही. जी गोष्ट जन्मापासून माणसाच्या मागे लागते, ती मरणाच्या नोंदीतून तेवढी गळते.

१७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला. त्याचे विद्यावेतन थांबले होते, वसतिगृहातून त्याला काढले होते. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारण दिले ते वैयक्तिक नैराश्याचे. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी विद्यार्थिनी गेली. त्याच वर्षी या दोघांच्या आयांनी उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्या दोन आयांनी जो प्रश्न विचारला तो समाजशास्त्राचाच प्रश्न आहे : आमची मुले दुबळी होती, की तुमच्या संस्थांनी त्यांचे भवितव्य बंद केले होते?

आपल्या समाजाजवळ स्वेच्छामरणाची दोन स्पष्टीकरणे तयार असतात. जे मरण व्यवस्था राखते त्याचा तो गौरव करतो. जे मरण व्यवस्था उघडी पाडते त्याला तो व्यक्तीचे दौर्बल्य म्हणतो. गौरवात व्यक्ती देव होते, दोषात ती रोगी होते. दोन्ही वेळा समाज आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटतो.

६

येथे आपल्या चळवळीलाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. नामांतराच्या लढ्यात नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी जीव दिला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्यांच्या स्मृतीपुढे मान लवते. त्यांना त्या टोकाला नेणारी सोळा वर्षांची चालढकल कोणाची होती हे आपण विसरणार नाही. पण आत्मबलिदान म्हणून अशा मरणाची गाणी गाताना समोर बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला आपण काय शिकवतो? तुझ्या जगण्याकडे कोणी पाहिले नाही, निदान मरणाकडे तरी पाहतील, हेच ना? मग आपण आणि चितेभोवती ताशे वाजविणारे यांत अंतर किती उरते?

बुद्धाने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. विनयातील तिसऱ्या पाराजिकेत मनुष्यवध करणारा भिक्खू संघाबाहेर होतोच. पण जो दुसऱ्यापुढे मरणाची स्तुती करतो, मरणाला प्रवृत्त करतो, तोही संघाबाहेर होतो. मरणाची स्तुती हाच अपराध! देवराला येथील घटनेनंतर १९८७ साली केलेल्या कायद्याने सतीचे उदात्तीकरण गुन्हा ठरविले. जे कळायला आमच्या संसदेला १९८७ साल उजाडले, ते संघाच्या नियमात अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे. मेलेल्याला दोष देऊ नये आणि मरणाला वाखाणू नये, ही दोन्ही पथ्ये एकत्र पाळणे कठीण आहे. तरी ती पाळलीच पाहिजेत. गेलेल्यांची आठवण आपण त्यांच्या मागण्यांनी ठेवावी, त्यांच्या शेवटच्या क्षणाने नव्हे.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत आपले वसतिगृह काढले ते याच सोलापुरात. खेड्यातून आलेल्या मुलाला निजायला जागा, दोन वेळचे जेवण आणि बरोबरीने अभ्यास करणारी चार मुले मिळावीत, एवढीच ती योजना. नाते तुटल्याने माणूस मरतो, असे दुर्खीम यांनी सिद्ध केले. बाबासाहेबांनी नाते जोडण्याची जागा बांधून दिली. आज आपल्यातले अनेक जण शिक्षक आहेत. कोणाची शिष्यवृत्ती अडकली आहे, कोण दोन आठवडे वर्गात आले नाही, प्रयोगशाळेत कोणाला कोणत्या शब्दाने हाक मारली गेली, हे आपल्याला कळते, कळायला हवे. त्या मुलाच्या खोलीवर जाणे, त्याच्याशी बोलणे, गरज पडली तर त्याला डॉक्टरकडे नेणे, आणि त्याचा अर्ज घेऊन कार्यालयाच्या खिडकीशी त्याच्याबरोबर उभे राहणे हेही चळवळीचे काम आहे. शोकसभेच्या आधी करण्याचे काम हेच होय.