नदीचें मूळ आणि नदीचा कांठ

श्रोतेहो, ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मुंबईच्या मिठी नदीपुरती ती बाजूस ठेवण्याची मी आपली अनुज्ञा मागतों; कारण तिचें मूळ पाहिल्यावांचून तिच्या दशेचें कारण उमगत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गांत मीं या नदीचा नकाशा काढला, तेव्हां एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, ही नदी नव्हे, हा तर आमच्या घरामागचा नाला." मला उत्तर सुचलें नाहीं. आज तें देण्याचा यत्न करतों.

विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांचें पाणी घेऊन ही नदी सुमारें १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीस मिळते. विहार तलाव १८६० सालीं पुरा झाला. पवईचा १८९१ च्या सुमारास. दोन्ही शेजारशेजारचे, दोहोंवर पडणारा पाऊसही एकच. तथापि विहारचें पाणी मुंबईकर आजही पितात, आणि पवईचें मात्र पिण्यायोग्य राहिलें नाहीं. हा भेद आकाशांतून आलेला नाहीं. तो जमिनीचा आहे. विहारभोंवतीं अरण्य राखलें गेलें, पवईच्या कांठीं वसाहती उठल्या. रानांतील माती पाऊस मुरवते, गाळ अडविते व पाणी सावकाश झिरपूं देते. डांबरावरून व काँक्रीटवरून तेंच पाणी धूळ, तेल आणि घाण घेऊन धांवत सुटतें.

तलावांखालीं हीच कथा विस्तारानें घडली. साकीनाका व कुर्ला येथें कारखाने आणि भंगाराचीं गोदामें आलीं. गटारांची सोय नसलेल्या वस्त्या वाढल्या. विमानतळाची धांवपट्टी नदीवरून गेली. १९७७ नंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठीं खाजणांत भराव पडला व तिवरें गेलीं. पावसाळा सरला कीं सांडव्यांचा ओघ थांबतो. मग पात्रांत उरतें तें मुख्यतः सांडपाणीच.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि कोंडलेली नदी घराघरांत शिरली. त्यानंतर पात्र खोल व रुंद करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. तें अवश्यच होतें. परंतु केवळ पात्र उपसून पाणी निर्मळ होत नाहीं. नदीचा निकाल तिच्या कांठावर लागतो.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास मी आतां सांगेन: बाळ, ती नदीच आहे, तिचा नाला आपण केला. विहारचें पाणी याची साक्ष देत आहे.