रीसेटच्या बटणाची बखर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह. मी पडलो बी.कॉम. आमच्या पुस्तकांत राजे नसत; अ, ब आणि क नावाचे भागीदार असत आणि त्यांची भागीदारी मोडली की परीक्षेतला प्रश्न तयार होई. तेव्हा कॉम्प्युटरच्या रीसेट बटणाचा इतिहास लिहायला मला कसलाच संकोच नाही. या बटणाला आजवर बखरकार भेटला नाही. भेटणार कसा? तो बिचारा दहा पाने टाइप करतो न करतो तोच कोणीतरी ते बटण दाबत असणार.

या घराण्याचा एक जुना पुरुष म्हणजे १९७५ सालचा ‘अल्टेअर ८८००’. त्याला पडदा नव्हता, कीबोर्ड नव्हता. दर्शनी बाजूला नुसते खटके आणि मिणमिणते दिवे. त्यातला एक खटका रीसेटचा. तो दाबला की मशीनचा मेंदू हातातले काम टाकून पुन्हा पहिल्या पत्त्यापासून सुरू होई. साहेबांनी ‘हे सगळं राहू द्या, पहिल्यापासून घ्या’ म्हणावे, तसे.

दोन वर्षांनी, १९७७ साली, ‘ॲपल टू’ आला. त्याच्या कीबोर्डवर रीसेटची कळ ‘रिटर्न’च्या बरोबर डोक्यावर बसवली होती. आता रिटर्न ही दर ओळीला दाबायची कळ. म्हणजे पाण्याच्या माठाला खेटून फिनेलची बाटली ठेवण्यासारखेच! लोकांनी वैतागून त्या कळीखाली रबरी वॉशर घातले. पुढे कंपनीलाच उपरती झाली आणि ‘कंट्रोल’ची कळ सोबत दाबल्याशिवाय रीसेट होऊ नये, अशी सोय निघाली. ज्याने हे बटण केले त्यालाच पुढे ते दाबायला अवघड कसे होईल याची काळजी लागली, हे मला या इतिहासातले मोठे गंमतीचे कलम वाटते.

१९८१ सालच्या आयबीएमच्या पीसीला तर रीसेटचे बटणच नव्हते. पण प्रोग्राम तपासताना मशीन अडकायचे, आणि वीज बंद करून पुन्हा लावली की ते स्वतःची सगळी मेमरी मोजत बसायचे. (आमचे हेडकॅशियर नोटांचे बंडल पुन्हा पुन्हा मोजतात, तसेच.) तेव्हा डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरने तीन कळांची युक्ती काढली. पहिल्यांदा कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप होते. पण तिन्ही डावीकडे, चुकून दाबल्या जाण्याचा धोका. म्हणून एस्केपच्या जागी पार उजव्या टोकाची डिलीट आली. दोन्ही हात गुंतवल्याशिवाय मशीन मरणार नाही, असा बंदोबस्त! २००१ साली एका समारंभात ब्रॅडली म्हणाले की ही युक्ती माझी असेल, पण तिला प्रसिद्धी मिळवून दिली ती बिल गेट्सनी. गेट्स शेजारीच बसले होते.

मात्र या तीन कळा म्हणजे अर्ज असतो. मशीन कीबोर्डकडे लक्ष देत असेल तरच तो मंजूर व्हायचा. मशीन पुरते ठप्प असेल तर अर्ज वाचणार कोण? म्हणून पीसीच्या नकला करणाऱ्यांनी कॅबिनेटवर रीसेटचे स्वतंत्र बटण दिले. त्याची तार थेट मदरबोर्डला. अर्ज नाही, आवक-जावक नाही.

आता ते दाबावे केव्हा? माझ्या नोकरीच्या सुरुवातीला, २००३ च्या सुमारास, एका शाखेत सेव्हिंग्ज खात्यांवर सहामाही व्याज टाकायचे काम सर्व्हरवर चालू होते. पडदा अर्धा तास तसाच. आमच्या साहेबांना मशीन झोपल्याचा साक्षात्कार झाला. ‘अहो, दिवा लुकलुकतोय!’ असे हेडक्लार्क म्हणेपर्यंत बोट पोचले होते. सॉफ्टवेअर जुन्या वळणाचे. निम्म्या खात्यांना व्याज मिळालेले, निम्म्यांना नाही. पुन्हा चालवावे तर पहिल्यांना दुप्पट, न चालवावे तर उरलेले उपाशी. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही छापील यादीवर टिका मारत होतो. तरी ४१ रुपये ६० पैशांचा फरक राहिलाच. सापडला तो एका निवृत्त शाळामास्तरांच्या खात्यात: बटण दाबले त्या क्षणी त्यांचे व्याज जमा झाले होते, पण बँकेच्या व्याजखात्याला नावे पडायचे राहिले होते.

डिस्कवर नेमके हेच होते. फाइल लिहिली जाते, पण अनुक्रमणिकेत तिची नोंद व्हायच्या आत बटण दाबले की ती बेवारशी. डॉसच्या काळात ‘चेकडिस्क’ असे बेवारशी तुकडे गोळा करून त्यांना ०००० पासूनचे नंबर देई. कॉमर्सवाल्याला हे लगेच कळते. ते सस्पेन्स खाते! १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली एनटीएफएस पद्धत बदलांची नोंद आधी एका वहीत करते, मग मुख्य जागी. आमच्या आजोबांच्या पिढीतले कारकून याला रोजकीर्द आणि खतावणी म्हणत. पण ही रोजकीर्द डिस्कचा हिशेब सावरते. तुम्ही सेव्ह न केलेले पत्र काही परत देत नाही.

म्हणून डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर चहा घेऊन यावे. मग कॅप्स लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीनला अजून ऐकू येते आहे, तेव्हा तीन कळांचा अर्ज करावा. दिवाही नाही, अर्जही नाही, तेव्हाच रीसेट. त्यात वीज जात नाही, फिरती डिस्क फिरतीच राहते, म्हणून ते वीज तोडण्याहून सौम्य. त्यानेही जमले नाही तर मुख्य स्विच.

१९९५ च्या एटीएक्स पद्धतीनंतर पॉवरचे बटणही अर्जदारच झाले. खरोखर वीज तोडायची तर ते काही सेकंद दाबून धरावे लागते. लॅपटॉपवर बहुधा रीसेट नसतेच. माझ्या भाच्याने मध्यंतरी नवा डेस्कटॉप जुळवून आणला, त्यावर मात्र ते बटण दिसले. मला भरून आले. त्याने ते भर खेळात खुशाल दाबले. मी डोळे मिटले. उघडून पाहतो तो खेळ चालूच, फक्त कॅबिनेटमधले पंखे निळ्याचे जांभळे झाले होते. त्याने रीसेटची तार रंगीत दिव्यांना जोडली होती.