सापडत नाही, की दाखवत नाहीत?

मराठ्यांच्या इतिहासावरचं शंभरेक वर्षांपूर्वीचं पुस्तक चाळताना तळटीपेत 'पारसनीस संग्रह, सातारा' असा पत्ता भेटतो. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी हयातभर खपून जमवलेली पत्रं, चित्रं आणि नकाशे तेव्हा साताऱ्यात होते. पारसनीस १९२६ साली वारले आणि १९३९ मध्ये तो ठेवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. कागद जळले नाहीत, हरवले नाहीत. फक्त जागा बदलली, आणि छापील तळटीप जुन्याच जागेकडे बोट दाखवत राहिली. वेबसाइट सांभाळणाऱ्याला हे दुखणं रोजचं आहे. लिंक जुनी, फाइल दुसऱ्या फोल्डरात आणि पडद्यावर ४०४, म्हणजे 'सापडत नाही'.

या ४०४ ला एक सख्खं भावंड आहे, ४०३. त्याचा अर्थ असा, की मागणी समजली, पण द्यायचं नाही. सर्व्हरवरच्या फायलींचे बहुतेक घोळ या दोहोंतच मोडतात. एक तर वाट चुकलेली असते, नाही तर परवानगी अडलेली. संगणकातला फोल्डर काही साताऱ्याच्या राजवाड्यातून निघाला नाही, त्याचं घराणं वेगळं आहे. पण कागद कुठे ठेवायचा आणि तो कुणी पाहायचा, हे दोन प्रश्न कृष्णाकाठच्या दफ्तरांनी त्याच्या कितीतरी आधी झेलले आहेत.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिचे कागद इंग्रजांच्या ताब्यात आले. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं, पुढे सातारकर महाराजांचं दफ्तरही पुण्याच्या दफ्तरखान्यात दाखल झालं. आज उभी असलेली दफ्तरखान्याची इमारत १८९१ ची. आत कापडात बांधलेले तीस हजारांवर रुमाल. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा असे विभाग. एखादा मोडी कागद हवा असेल तर आधी विभाग, मग प्रांत, मग साल, मग रुमाल आणि रुमालातलं पुडकं, अशा क्रमाने उतरत जायचं. मधली एक पायरी चुकली की पुढचं सगळं व्यर्थ. कागद असतो, पण मागणाऱ्यापुरता तो नसल्यातच जमा.

वाट माहीत असली तरी दार उघडेलच असं नव्हतं. या रुमालांत जमिनींचे, इनामांचे पुरावे होते, आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन त्याच पुराव्यांवर लोकांची इनामं तपासत होतं. ज्या कागदावर कुणाची जमीन टिकते किंवा जाते, तो येईल त्याच्या हाती देणं सरकारला परवडणारं नव्हतं. अभ्यासकांना मिळालं ते झिरपत झिरपत. गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीतले उतारे काढले, ते छापून आले. दार खऱ्या अर्थाने किलकिलं झालं ते गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघालेल्या, पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांच्या ४५ खंडांनी.

तोवर लोक हातावर हात ठेवून बसले नाहीत. पत्राला दोन टोकं असतात. पुण्यात आलेल्या पत्राची वाट बंद असली तरी लष्करातून घरी गेलेलं पत्र सरदाराच्या वाड्यात पडून असतंच. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवत. त्यांनी पटवर्धन सरदारांचं दफ्तर धरलं आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापायला घेतला. मोहिमेवरून पटवर्धनांनी घरी धाडलेल्या पत्रांतून पेशवाईचं राजकारण मिरजेत बसून वाचता येऊ लागलं. वाईत विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांना पानिपतच्या काळातली पत्रं मिळाली आणि १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. मूळ साठा कुलूपबंद असला की प्रती शोधायच्या, हा मार्ग वेबवर 'मिरर' म्हणून रूढ व्हायला अजून शतक लागायचं होतं.

गावपातळीवरचं दफ्तर मात्र कुलकर्ण्याच्या घरात असे. वतन त्याचं, म्हणून कागदही त्याच्या ताब्यात. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली आणि गावचे कागद पगारी तलाठ्याकडे आले. कागद तेच, धनी बदलला. महसुली कागदांची मांडणी त्याआधीच ठरली होती. महसुली हिशेबांवरच्या अँडरसनच्या मॅन्युअलने गाव नमुना १ ते २१ ठरवून दिले होते. सहा नंबरला फेरफार, सात आणि बारा मिळून सातबारा. शिराळ्याचा तलाठी असो की फलटणचा, फेरफार पाहायचा तर सहा नंबरच काढायचा. गाव कुठलंही असलं तरी आतली रचना एकच, ही त्यातली खरी कमाई.

मग नावं आणि नंबर बदलू लागले. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं आणि उत्तर साताऱ्याचं पुन्हा नुसतं सातारा. म्हणजे वाळवा तालुक्यातल्या एखाद्या गावाचा कागद आधी 'सातारा', अकरा वर्षं 'दक्षिण सातारा' आणि नंतर 'सांगली' अशा तीन शीर्षकांखाली मिळू शकतो. गाव तसूभरही हललेलं नाही. त्यात १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर, नातवाच्या सातबाऱ्यावर गट नंबर. अशा वेळी जुना कोणता नंबर कोणत्या गटात गेला, हे सांगणारा एकत्रीकरणाचा उतारा नसेल तर वकीलही हात टेकतो. महसूल खात्याने गटवारी करताना हा जुळवणीचा कागद ठेवला, हे त्याचं मोठंच शहाणपण. वेबवर हेच काम ३०१ करतं. जुन्या पत्त्यावर आलेल्याला ते नव्या पत्त्यावर रवाना करतं.

संगणकाचं घराणं इथून निराळं सुरू होतं. सुरुवातीच्या बऱ्याच यंत्रांवर फायली एका सपाट यादीत असत. फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, ही उतरंड नीट मांडली गेली ती १९६५ मध्ये, मल्टिक्स या प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी लिहिलेल्या निबंधात. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, पुढे त्यातच पायऱ्यांमध्ये तिरकी रेघ आली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्ये उपफोल्डर आले १९८३ ला. तिथे ती रेघ आज्ञांच्या खुणांसाठी आधीच खर्ची पडली होती, म्हणून उलटी रेघ वापरली गेली. विंडोजवर बनवलेली साइट लिनक्सच्या सर्व्हरवर चढवताना आजही जी पंचाईत होते, तिचं एक मूळ हे. दुसरं मूळ रोमन लिपीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचं. विंडोज ती सहसा एकच मानतं, लिनक्स वेगळी मानतं.

युनिक्सने परवानगीची मांडणीही आटोपशीर केली. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. वाचणं, लिहिणं आणि चालवणं हे तीन हक्क, त्यांचे आकडे ४, २ आणि १. ६४४ म्हणजे मालक वाचणार-लिहिणार, बाकीचे फक्त वाचणार. फोल्डरच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे त्यातून पुढे जाण्याची मुभा. इथेच भलेभले फसतात.

वेब आलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, टिम बर्नर्स-ली यांच्या हातून. वेबच्या पत्त्याने युनिक्सचीच तिरकी रेघ घेतली, म्हणून ब्राउझरमधला पत्ता सर्व्हरवरच्या फोल्डरसारखा दिसतो. दिसतो, पण तो तोच असेल असं नाही. सर्व्हर एक मूळ फोल्डर ठरवतो आणि वेबचा पत्ता तिथून पुढे मोजतो. ४०३ आणि ४०४ हे दोन्ही आकडे १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात आहेत. १९९९ च्या १.१ च्या मसुद्यात एक गमतीची मुभा दिली आहे. नकाराचं कारण सांगायचं नसेल तर सर्व्हरने ४०३ ऐवजी ४०४ म्हणायला हरकत नाही. 'दाखवत नाही' म्हणायचं नसेल तर 'सापडत नाही' म्हणा! रेकॉर्ड रूमच्या दारात ताटकळलेल्या कुणालाही ही तऱ्हा शिकवावी लागणार नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सरकारी कार्यालयाला तीस दिवसांत उत्तर आणि नाकारल्यास कारण देणं भाग पाडलं. सर्व्हरवर असं बंधन नाही. म्हणून ब्राउझर काय म्हणतो यावर विसंबू नये. खरं उत्तर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतं. 'परमिशन डिनाइड' असेल तर दार अडलंय, 'नो सच फाइल' असेल तर वाट चुकलीय.

आपल्या भागात ही दोन घराणी एकत्र आली १९९८ च्या सुमारास. वारणानगरच्या 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं जोडली गेली आणि उसाची माहिती गावातल्या संगणकावर दिसू लागली. पुढे जमिनीच्या नोंदींचं महाभूलेख हे संकेतस्थळ आलं, सातबारा घरबसल्या मिळू लागला. तिथे आधी पुणे विभाग, मग सातारा किंवा सांगली, मग तालुका, गाव आणि शेवटी गट नंबर निवडायचा. दफ्तरखान्यातली उतरंड पडद्यावर आली, एवढंच.

आता एक फाइल जवळून पाहू. समजा, पत्ता आहे '/सातारा/कऱ्हाड/नकाशे/गट-४५.पीडीएफ'. फाइल जागेवर आहे, तिची परवानगी ६४४, तरी ४०३ येतो. चिडून कुणीतरी फाइलला ७७७ देतो, म्हणजे वाचा, लिहा, काय हवं ते करा. तरीही ४०३. कारण अडथळा फाइलवर नाहीच. 'नकाशे' हा फोल्डर ज्याने चढवला त्याच्याच नावावर आहे आणि त्याची परवानगी ७००. सर्व्हर मात्र 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' अशा वेगळ्याच नावाने चालतो. त्याला त्या फोल्डरातून पुढे पाऊल टाकायचीच मुभा नाही, मग आतली फाइल उघडी असून उपयोग काय? लिनक्सवर 'नेमआय -एल' ही आज्ञा पत्त्याची एकेक पायरी, तिचा मालक आणि परवानगी ओळीने दाखवते. वरून खाली वाचत यायचं आणि पहिली अडलेली पायरी दुरुस्त करायची. फोल्डरला ७५५, फाइलला पूर्वीचे ६४४, काम झालं. ७७७ ची घाई मात्र लगेच मागे घ्यायची, नाही तर सर्व्हरवरचा कुणीही तो नकाशा बदलून ठेवू शकतो.

परवानगी सुटली, तर उद्या ४०४. या वेळी गुन्हेगार 'कऱ्हाड'. यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त आणि ह. दुसरी, साधा र, हलन्त, त्यापुढे 'झीरो विड्थ जॉइनर' हे अदृश्य चिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण सर्व्हरच्या लेखी दुसरं नाव तीन बाइट लांब, म्हणजे वेगळं. दोन कळफलकांवरून दोघांनी काम केलं की यादीत 'कऱ्हाड' नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात आणि अर्धे नकाशे एकात, अर्धे दुसऱ्यात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही या दोहोंना एक करत नाही. देवनागरी पत्ते वेबवर जाताना बाइटवार सांकेतिक रूप घेतात, तेव्हा 'सातारा' हे सहा चिन्हांचं नाव ५४ अक्षरांचं होतं. त्यात असा फरक डोळ्यांनी हुडकणं अशक्यच.

म्हणून जाणते लोक पत्त्यात नाव न घालता क्रमांक घालतात. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिला आहे. नाव पानावर हवं तसं लिहा, पत्त्यात संकेतांक ठेवा. युनिक्सच्या पोटात हेच आहे. फाइलची खरी ओळख तिचा आयनोड क्रमांक, आणि फोल्डर म्हणजे कोणतं नाव कोणत्या क्रमांकाचं याची नुसती यादी. त्याच जागेत नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. दक्षिण साताऱ्याची सांगली झाली तेव्हाही यादीतली ओळ बदलली, शिवार तेच राहिलं.

तरीही नावं बदलणारच, संग्रह हलणारच, साइट नव्याने बांधल्या जाणारच. ते थांबवता येत नाही आणि थांबवायची गरजही नाही. एकच नियम पाळावा: जो जागा बदलेल, त्यानेच जुन्या पत्त्यावर नवा पत्ता लिहून ठेवावा, आणि तेही हलवायच्या आधी. एकत्रीकरणाच्या वेळी कुणा कारकुनाने सर्व्हे नंबरासमोर गट नंबर मांडत रकाने भरले, म्हणून आज वारसांना जमीन सापडते. सर्व्हरवर हे काम एका ओळीच्या ३०१ मध्ये होतं. ती ओळ न लिहिता फोल्डर हलवणाऱ्याने पुढच्या माणसाचा दिवस खाल्ला, असं बिनदिक्कत समजावं.