किनारी रस्ता, इरुळर समाज आणि अपघातांची नोंद

रस्ते अपघातांचा इतिहास सहसा वाहने, कायदे आणि वार्षिक आकडे यांच्या आधारे मांडला जातो. या टिपणात आपण त्या आकड्यांत काय दिसत नाही, ते चेन्नई परिसरातील उदाहरणावरून पाहू.

इरुळर ही तमिळनाडूतील अनुसूचित जमात असून तिची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. चेंगलपट्टू, कांचीपुरम व तिरुवळ्ळूर या जिल्ह्यांत तिच्या वस्त्या आहेत. सापांच्या कातड्यांचा व्यापार कायद्याने बंद झाल्यावर १९७८ मध्ये या समाजाची सर्पविष काढणारी सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे केंद्र वडनेम्मेली येथे, ईस्ट कोस्ट रोडलगत आहे. पुढे हाच किनारी रस्ता रुंद झाला, त्यावर टोल बसला आणि चेन्नई, मामल्लपुरम, पुदुच्चेरी अशी वेगवान वाहतूक वाढली. रस्त्याचा लाभ मोटारवाल्यांना जास्त मिळाला. तो पायी ओलांडणाऱ्याच्या वाट्याला मात्र धोका आला.

राज्यात २०१६ मध्ये १७,२१८ जण रस्ते अपघातांत मरण पावले. २०१९ मध्ये ही संख्या १०,५२५ वर आली. २०२२ मध्ये ती पुन्हा १७,८८४ झाली. या चढउतारात आदिवासींचा वाटा किती? केंद्राच्या वार्षिक अहवालात मृतांची विभागणी वय, लिंग, वाहन व रस्त्याचा प्रकार यांनुसार असते, जमातीनुसार नसते. २०११ च्या जनगणनेत राज्यातील अनुसूचित जमातींचे ७,९४,६९७ लोक मोजले गेले. म्हणजे लोकसंख्या माहीत आहे, मृत्यू माहीत नाहीत; त्यामुळे मृत्युदर काढता येत नाही.

ऑस्ट्रेलियात मृत्यूच्या नोंदीत आदिवासी ओळख लिहिली जाते. म्हणूनच तेथील आदिवासींचा रस्ते अपघातांतील मृत्युदर इतरांच्या दुप्पट-तिप्पट असल्याचे सिद्ध करता आले आणि त्यावर धोरण मागता आले.

तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये अपघातग्रस्तांना पहिले ४८ तास मोफत उपचार देणारी योजना सुरू केली. ती राज्याबाहेरच्या जखमींनाही लागू आहे. जीव वाचवताना ओळख विचारली जाऊ नये, हे योग्यच. परंतु धोका कोणावर जास्त आहे हे शोधताना ओळख नोंदवली नाही, तर उपेक्षित समाज सरासरीत हरवतो. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच आकडा वाचताना त्यामागचा तक्ताही वाचावा.

विचारासाठी प्रश्न : मुंबई-गोवा महामार्गालगत रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्या आहेत. तेथील अपघातांचा इतिहास लिहायचा झाल्यास सरकारी अहवालांखेरीज कोणती साधने वापराल?